ग्राहक आयोगात तक्रार करताना: बदललेली मर्यादा, शुल्क आणि कागदपत्रं

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं कलम ३४ वाचलं तर जिल्हा ग्राहक आयोगात किती रकमेपर्यंतची तक्रार चालते, याची मर्यादा एक कोटी रुपये दिसते. त्या आकड्यावर विसंबून आज तक्रार दाखल केली, तर ती चुकीच्या दारात जाऊ शकते. याच कलमात एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, आहे. गरज वाटल्यास केंद्र सरकार नियमांद्वारे वेगळी रक्कम ठरवू शकतं, असं ते सांगतं. त्याच अधिकारात ३० डिसेंबर २०२१ रोजी नवे नियम अधिसूचित झाले. कलमाचा मजकूर जसाच्या तसा राहिला, पण प्रत्यक्षात लागू असलेले आकडे बदलले. तक्रार कुठे करायची, शुल्क किती, अर्ज कसा असावा, हे सगळं आता मुख्यतः नियम आणि विनियमांत आहे. म्हणून कायद्याच्या पुस्तकासोबत नियमही वाचा.

आजची विभागणी अशी: ५० लाख रुपयांपर्यंत जिल्हा आयोग, त्याहून जास्त पण दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि दोन कोटींच्या वर दिल्लीतला राष्ट्रीय आयोग.

ही रक्कम कशाची, इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. १९८६ च्या कायद्यात वस्तूची किंवा सेवेची किंमत आणि मागितलेली भरपाई यांची बेरीज धरली जायची. आता फक्त तुम्ही दिलेला मोबदला, म्हणजे वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेले पैसे, धरतात. समजा, एक कोटीच्या मुदत विम्याचा हप्ता तुम्ही वर्षाला १५ हजार रुपये भरत होता आणि कंपनीने दावा नाकारला. मागणी एक कोटीची असली तरी मोबदला म्हणजे भरलेला हप्ता, त्यामुळे तक्रार जिल्हा आयोगातच जाईल. रुग्णालयाच्या हलगर्जीपणाबद्दल मोठी भरपाई मागणाऱ्यांनाही हेच लागू आहे. या पद्धतीला आव्हान दिलं गेलं होतं, पण एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनात्मकदृष्ट्या वैध ठरवली. आता याबाबत शंका उरलेली नाही.

शुल्कही याच मोबदल्यावर ठरतं. पाच लाखांपर्यंत काहीही भरावं लागत नाही. दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० आणि पन्नास लाखांपर्यंत १,००० रुपये. राज्य आयोगात एक कोटीपर्यंत २,००० आणि दोन कोटींपर्यंत २,५०० रुपये. नादुरुस्त फ्रिज, नाकारलेला मेडिक्लेम, रद्द झालेल्या सहलीचे अडकलेले पैसे अशा बहुतेक तक्रारी पहिल्याच पायरीत बसतात, म्हणजे शुल्क शून्य. हे माहीत नसल्यामुळे ‘कोर्टाचा खर्च परवडणार नाही’ असं म्हणून माणसं गप्प बसतात, याची मला खरोखर खंत वाटते.

मर्यादा खाली आल्याचा फटका बसतो तो घर घेणाऱ्याला. ६५ लाख भरूनही फ्लॅटचा ताबा रखडला, तर एक कोटीच्या मर्यादेत ग्राहक आपल्याच जिल्ह्यात दाद मागू शकत होता. आता त्याला राज्य आयोग गाठावा लागतो, ज्याचं मुख्य कामकाज मुंबईत चालतं आणि नागपूर व छत्रपती संभाजीनगर इथे पीठं आहेत. आजच्या घरांच्या किमती पाहता हा बदल मला ग्राहकाच्या सोयीचा वाटत नाही. बिल्डरविरुद्ध महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, मार्गही आहे आणि रेरा (स्थावर मालमत्ता कायदा) आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

तक्रार कोण करू शकतं? ज्याने पैसे मोजून वस्तू किंवा सेवा घेतली तो, किंवा त्याच्या संमतीने ती वापरणारा. ग्राहकाचा मृत्यू झाला असेल तर वारस, ग्राहक अज्ञान (१८ वर्षांखालील) असेल तर पालक आणि नोंदणीकृत ग्राहक संघटनाही करू शकतात. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारासाठी केलेली खरेदी यात येत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेलं शिलाई मशीन किंवा रिक्षा येते. फुकट मिळालेली सेवा वगळली आहे. वकिलाच्या सेवेविरुद्धही या आयोगात जाता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवलं.

तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली. कंपनीचं कार्यालय बंगळुरूत असलं तरी लातूरच्या ग्राहकाने लातूरलाच अर्ज करावा. मुदत वाद-कारण, म्हणजे तक्रारीला कारण ठरलेली गोष्ट, घडल्यापासून दोन वर्षं. ती उलटली असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडा आणि उशिराची कारणं पुराव्यानिशी द्या.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचा पैसे दिल्याचा पुरावा, कारण आयोगही त्यावरून ठरतो आणि शुल्कही: बिल, पावती किंवा बँकेचा उतारा. त्यासोबत प्रकरणानुसार करारनामा, वॉरंटी कार्ड, पॉलिसी, दावा नाकारल्याचं पत्र, ईमेल. व्हॉट्सॲपवरचा संवाद छापून जोडा, पण फोनमधले मूळ संदेश पुसू नका. आधी नोटीस पाठवणं कायद्याने सक्तीचं नाही, तरीही रजिस्टर पोस्टाने एक पाठवाच आणि पोच जपून ठेवा. सामनेवाल्याला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, संधी दिली होती, हे त्यातून दिसतं. तक्रारीत दोन्ही पक्षांची नावं-पत्ते, तारीखवार घटनाक्रम, सेवेतली त्रुटी नेमकी कोणती आणि मागणी काय, हे सुट्या परिच्छेदांत लिहा. मूळ रकमेची परतफेड, व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च या मागण्या वेगवेगळ्या मांडा. सोबत प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची यादी आणि ओळखपत्र लागतं. वकील सक्तीचा नाही. स्वतः उभं राहता येतं किंवा अधिकारपत्र देऊन प्रतिनिधी नेमता येतो.

ऑनलाइन दाखल करण्यासाठी आधी ई-दाखिल होतं. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे एकत्रित पोर्टल आलं. मोबाइल क्रमांक आणि ईमेल देऊन खातं उघडायचं, मोबदल्याची रक्कम भरायची, पीडीएफ चढवायच्या, शुल्क लागत असल्यास तिथेच भरायचं. स्कॅन वाचता येईल असा आणि पानांवर क्रमांक घातलेला असावा, नाहीतर त्रुटी काढून अर्ज परत येतो. मराठीत आणि फोनवर मार्गदर्शन हवं असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पुष्कळ वाद तिथेच मिटतात, पण तिथली तक्रार म्हणजे आयोगातली तक्रार नव्हे. दोन वर्षांचं घड्याळ तोवर चालूच असतं.

तक्रार स्वीकारायची की नाही, हे साधारण २१ दिवसांत ठरायला हवं. तसं न झाल्यास ती स्वीकारली असं कायदा मानतो. नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीला लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४५ दिवसांनंतर आयोगही मुदत वाढवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलं. त्यामुळे नोटीस बजावल्याची तारीख स्वतः टिपून ठेवा. दूर राहणाऱ्यांना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणी मागता येते. निकालासाठी कायद्यात तीन महिने आणि वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिने दिले आहेत. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, हे धरूनच चाला.

जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध राज्य आयोगात ४५ दिवसांत अपील करता येतं. पैसे द्यायचा आदेश झालेल्या सामनेवाल्याला अपिलासाठी निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. आदेश होऊनही पैसे मिळाले नाहीत, तर त्याच आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.