गोवा लहान, म्हणून कुठेही राहा?

पणजीत किंवा वेर्ण्याला नोकरी लागली की सगळे सांगतात, "गोवा तो केवढा! कुठेही खोली घे." हा सल्ला चुकीचा आहे. राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचंच, पण इथलं अंतर नद्यांवर मोजावं. म्हापशाहून वेर्ण्याला जाताना मांडवी आणि झुआरी दोन्ही ओलांडाव्या लागतात, आणि सकाळची गर्दी नेमकी पुलाच्या तोंडाशी तुंबते. दिवाडी बेट तर जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून समोर दिसतं, तरी फेरीबोट येईपर्यंत स्कूटर बंद करून उभं राहावं लागतं. भाडं ठरवण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी बसने जाऊन बघा. आणि शेवटची बस कधीची, ते घरमालकाला नको, कंडक्टरला विचारा.