हॉक माउंटन: राखणदाराच्या वहीतून वाढलेली गणना

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर या काळात तेथील कड्यावर बसून दक्षिणेकडे निघालेल्या शिकारी पक्ष्यांची मोजदाद केली जाते. १९३४ मध्ये सुरू झालेली ही नोंद शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराची जगातील सर्वांत जुनी सलग नोंद मानली जाते. दुसऱ्या महायुद्धातील १९४३ ते १९४५ ही वर्षे तेवढी तिच्यात कोरी आहेत. ती कोणा शास्त्रज्ञाच्या संशोधनयोजनेतून निघालेली नाही. शिकाऱ्यांना डोंगरावर चढू न देण्यासाठी नेमलेल्या राखणदाराने आपल्या कामाच्या ओघात केलेल्या टिपणांतून ती उभी राहिली.

हॉक माउंटन ज्या धारेवर आहे ती किटाटिनी ही ॲपलाशियन पर्वतरांगेच्या आग्नेय अंगाची लांबच लांब डोंगरधार. थंड हवेची लाट सरकली की वायव्येचा वारा या धारेवर आडवा आदळून वर उचलला जातो, आणि त्यावर तरंगत गेल्यास पंख मारण्याचे कष्ट वाचत असल्याने दक्षिणेला निघालेले ससाणे व गरुड धार धरूनच जातात. हॉक माउंटनपाशी ते कित्येकदा कड्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीवरून, कधी त्याच्याही खालून जातात. ही गोष्ट बंदूकधाऱ्यांच्या पथ्यावर पडली. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्या आणि रानपाखरे फस्त करणारी पीडा, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. १९२९ मध्ये तर राज्याच्या शिकार खात्याने गोसहॉक जातीचा बाज मारणाऱ्यास पाच डॉलरचे बक्षीस लावले. महामंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती. बक्षीस एका जातीपुरते होते, गोळी मात्र समोरून जाणाऱ्या प्रत्येक पक्ष्यावर झाडली जाई.

१९३२ च्या शरद ऋतूत रिचर्ड पाऊ या पक्षिप्रेमी छायाचित्रकाराने या डोंगरावर मारलेले पक्षी जमिनीवर ओळीने मांडून त्यांची छायाचित्रे काढली. ती रोझली एज यांच्यापर्यंत पोहोचली. न्यूयॉर्कच्या एज स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत तयार झालेल्या होत्या आणि पक्षिरक्षणाचे नाव घेणाऱ्या मोठ्या संस्थांशी जाहीर भांडण काढायला त्या कचरत नसत. कोणी पुढे येत नाही असे पाहून १९३४ मध्ये त्यांनी सुमारे १,४०० एकरांचा डोंगरच ५०० डॉलर देऊन भाडेपट्ट्याने घेतला आणि मॉरिस व इर्मा ब्राउन या दांपत्याला तेथे राखणीस नेमले. इर्मा खाली रस्त्यालगत उभ्या राहून बंदुका घेऊन आलेल्यांना परत पाठवत. मॉरिस वर बसून जाणारे पक्षी मोजत. माझ्या मते या इतिहासात इर्मा यांच्या वाट्याला यायला हवे तेवढे श्रेय आलेले नाही, कारण खालची वाट रोखली नसती तर वरची वही निघालीच नसती.

मोजणीची रीत ऐकायला सोपी आहे. तासातासाला जात, संख्या, वाऱ्याची दिशा व वेग, ढग आणि तापमान लिहायचे. पण सप्टेंबरच्या मध्यावर ब्रॉड-विंग्ड हॉक या जातीचे थवे येऊ लागले की कसोटी लागते. तापलेल्या हवेच्या उसळीत शेकडो पक्षी एकमेकांत मिसळून घिरट्या घालत असतात आणि त्या गर्दीत मोजणे म्हणजे चूक ओढवून घेणे. म्हणून उसळीच्या माथ्यावर पोहोचलेले पक्षी पंख ताणून एकामागून एक दक्षिणेकडे सुटेपर्यंत थांबायचे आणि त्या ओळीत ते मोजायचे. पांढऱ्या ढगावर ठिपके उठून दिसतात, निरभ्र निळ्या आकाशात तेच ठिपके हरवतात. त्यामुळे एरवी हवाहवासा वाटणारा स्वच्छ दिवस मोजणाऱ्यांना प्रत्यक्षात गैरसोयीचा ठरू शकतो.

या वहीचे मोल लोकांपुढे आले ते कीटकनाशकांच्या प्रश्नात. बाल्ड ईगलचे पिल्लू पहिल्या वर्षी सर्वांगी गडद असते आणि डोके पांढरे व्हायला त्याला सुमारे पाच वर्षे लागतात, त्यामुळे उडत्या पक्ष्यातही कोवळा कोणता आणि जाणता कोणता हे सांगता येते. ब्राउन ही विभागणी वर्षानुवर्षे लिहून ठेवत होते. १९६० मध्ये लेखिका रेचल कार्सन यांनी त्यांच्याकडे ते आकडे मागितले आणि कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरील १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात वापरले: १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांपैकी ४० टक्के कोवळे होते, १९५५ ते १९५९ मध्ये २० टक्के, आणि १९५७ मध्ये तर ३२ प्रौढांमागे एकच. जुने पक्षी जगत होते, नवे येत नव्हते. डीडीटी या कीटकनाशकापासून शरीरात तयार होणाऱ्या डीडीई या रसायनामुळे अंड्यांचे कवच पातळ होते, हे पुढच्या काही वर्षांत सिद्ध झाले आणि १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या शेतीवापरावर बंदी घातली. आज हॉक माउंटनवरून जाणाऱ्या बाल्ड ईगलांची संख्या ब्राउन यांच्या काळापेक्षा कितीतरी जास्त आहे.

अर्थात कड्यावरून गेलेले पक्षी म्हणजे त्या जातीची एकूण संख्या नव्हे. १९७४ मध्ये उत्तर अमेरिकेतील शिकारी पक्षी मोजणाऱ्यांची संघटना स्थापन झाली, नोंदपत्रके एकसारखी झाली आणि मोजणीच्या अनेक ठाण्यांचे आकडे शेजारी ठेवता येऊ लागले. मेक्सिकोतील व्हेराक्रूझमध्ये १९९० च्या दशकात नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा एका हंगामात लाखोंच्या घरात पक्षी जातात हे कळून पेनसिल्व्हेनियाचा प्रवाह किती लहान आहे तेही दिसले. आकडा घसरण्याचा अर्थ लावणेही सरळ राहिलेले नाही. रेड-टेल्ड हॉक या ठाण्यावरून पूर्वीपेक्षा कमी जाताना दिसतो. पण १९०० पासून चालत आलेल्या नाताळच्या पक्षिगणनेत तो उत्तरेकडील भागांत जास्त संख्येने आढळू लागला आहे. हिवाळे सौम्य झाल्याने त्यांतील काही पक्षी एवढ्या दक्षिणेपर्यंत येतच नसावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे, आणि त्यामुळे शरदातली मोजणी आता हिवाळी मोजणीच्या जोडीनेच वाचली जाते.