प्रयोगशाळेत वाढवलेलं मांस

जनावर न कापता त्याच्या अंगातल्या थोड्याशा पेशी काढून, त्या टाकीत वाढवून जे मांस बनवतात त्याला कल्चर्ड मीट किंवा कल्टिव्हेटेड मीट म्हणतात, विरोधक लॅब मीट म्हणतात. सोयाबीन-वाटाण्यापासून बनवतात ते व्हेज मांस वेगळं, त्यात प्राण्याचं काही नसतं. इथे पेशी खरोखरच गाईच्या, कोंबडीच्या किंवा माशाच्या असतात, त्यामुळे ज्याला माशाची अ‍ॅलर्जी आहे त्याने टाकीतला मासाही खाऊ नये.

कल्पना तशी जुनीच. १९३१ साली विन्स्टन चर्चिल यांनी लिहिलं होतं की पन्नास वर्षांनी नुसती छाती किंवा पंख खायला अख्खी कोंबडी वाढवायचा वेडेपणा आपण करणार नाही, तो तो भागच वेगळा वाढवू. पन्नास वर्षांत काही ते झालं नाही.

करतात कसं, तर जिवंत जनावराच्या स्नायूचा छोटा तुकडा घेतात आणि त्यातल्या स्टेम सेल्स (ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होत राहतात त्या पेशी) वेगळ्या काढून ग्लुकोज, अमिनो आम्लं, व्हिटॅमिन्स, क्षार आणि पेशींना वाढायला सांगणारी काही प्रथिनं असलेल्या द्रवात सोडतात. तापमान शरीराइतकंच ठेवायचं, ऑक्सिजन पुरवत राहायचा. पेशी पुरेशा झाल्या की द्रवाची रेसिपी बदलतात, मग त्यांचे स्नायूचे धागे बनायला लागतात. ऐकायला सोपं वाटतं पण खरी मारामारी इथेच आहे. जनावराच्या अंगात जंतूंशी लढायला प्रतिकारशक्ती असते, टाकीत तसलं काही नाही, आणि काही बॅक्टेरिया वीसेक मिनिटांत दुप्पट होतात तर या पेशींना साधारण एक दिवस लागतो, म्हणजे एक जंतू घुसला की अख्खी टाकी ओतून द्यायची. दुसरं म्हणजे रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे थर जरा जाड झाला की आतल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही आणि त्या मरतात. म्हणून खिमा, नगेट, बर्गर जमतं, स्टेक म्हणजे मांसाचा सलग जाड तुकडा, तो फार अवघड.

आणि एक गोष्ट कंपन्या फारशी मोठ्याने सांगत नसत: सुरुवातीची बरीच वर्षं त्या द्रवात गाईच्या न जन्मलेल्या वासराच्या रक्तातलं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी, वापरायचे. प्राणी वाचवायला निघालेल्या धंद्याला हे अजिबात शोभणारं नव्हतं, शिवाय ते प्रचंड महागही. आता सिरमशिवायचे द्रव आलेत, सिंगापूरने जानेवारी २०२३ मध्ये तसल्या द्रवाला मंजुरीही दिली.

पहिला बर्गर ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनला टीव्ही कॅमेऱ्यांसमोर तळला. बनवणारे नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ मार्क पोस्ट, खर्च सुमारे अडीच लाख युरो, पैसे गूगलच्या सर्गेई ब्रिन यांचे. चव घेणाऱ्यांचं म्हणणं होतं की लागतं मांसासारखंच पण रसाळ नाही, आणि ते बरोबरच होतं कारण नुसता स्नायू होता, चरबी नव्हतीच. रंगासाठी बीटचा रस आणि केशर घालावं लागलं.

विक्रीला पहिली परवानगी सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये दिली, कोंबडीच्या मांसाला. अमेरिकेत जून २०२३ मध्ये दोन कंपन्यांना मिळाली, पण माल गेला निवडक हॉटेलांत, तोही थोडाच. २०२४ मध्ये सिंगापूरच्या एका दुकानात हे चिकन पाकिटात आलं त्यात टाकीतलं मांस फक्त ३ टक्के, बाकी वनस्पतींचं प्रथिन! धंद्याची खरी अवस्था या आकड्यावरून कळते. गाईगुरांच्या ढेकरांतून निघून हवा तापवणारा मिथेन वायू कमी होईल, जमीन कमी लागेल हा दावा आहे, पण टाक्या चालवायला वीजही भरपूर लागते, ती कोळशाची असेल तर फायदा किती उरतो यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

गंमत म्हणजे माल बाजारात धड यायच्या आधीच बंदी आली. इटलीने नोव्हेंबर २०२३ मध्ये कायदा करून बनवणं-विकणं दोन्ही बंद केलं, दंड साधारण ६० हजार युरोपर्यंत, मोठी उलाढाल असेल तर दीड लाखापर्यंत. अमेरिकेतल्या फ्लोरिडा आणि अलाबामा या राज्यांनी २०२४ मध्ये तेच केलं. कारणं परंपरा, आरोग्य, ग्राहकाचं हित अशी सांगितली गेली, पण पशुपालकांची निवडणुकीतली मतं आणि त्यांचा दबाव बाजूला ठेवून हे समजत नाही. खायला धोकादायक म्हणावं तर त्याच अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या यंत्रणांनी तपासून परवानगी दिलेली.

धर्माच्या बाजूने उलट फार खळखळ झाली नाही. इस्रायलच्या एका मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या एका कंपनीचा स्टेक कोशर, म्हणजे ज्यू धर्माप्रमाणे खायला चालणारा, ठरवला, सिंगापूरच्या फतवा समितीनेही २०२४ मध्ये हलाल म्हणायला हरकत नाही असं सांगितलं, अट एवढीच की मूळ पेशी हलाल जनावराच्या असाव्यात आणि बनवताना हराम काही मिसळू नये. शाकाहारी लोकांचं मात्र ठरत नाही. जीव घेतला नाही म्हणून काहींना चालतं, आणि ज्यांना मांस हीच वस्तू नको असते त्यांच्यासाठी ते टाकीतून आलं काय नि गोठ्यातून आलं काय, काहीच फरक पडत नाही.