प्रवाळभित्तीवरील छायाचित्रण

प्रवाळभित्तीवरील छायाचित्रण : स्कूबा साधने (पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडाशी श्वासाची नळी) वापरून उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात उतरणे आणि प्रवाळ व त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या जिवांची छायाचित्रे घेणे. सोलापूरकर हौशी मंडळींना यासाठी जवळची ठिकाणे म्हणजे मालवण आणि कर्नाटकातील मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट. मालवणला पाण्यात गाळ असल्यामुळे अनेकदा काही मीटरच दिसते; शिकायला ते पुरते. बहरलेल्या भित्ती पाहायच्या तर अंदमान किंवा लक्षद्वीप गाठावे लागते. मुंबई–चेन्नई लोहमार्ग सोलापुरातूनच जातो, त्यामुळे रेल्वेने चेन्नई, तेथून विमानाने श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) आणि पुढे बोटीने स्वराज द्वीप (हॅवलॉक) हा मार्ग सोयीचा पडतो. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना आधी काढावा लागतो. अंदमानात जानेवारी ते एप्रिल पाणी नितळ असते. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरचे डाइव्हिंग बंद असते.

सोलापूर जिल्ह्यात अनेक जण पोहायला शिकतात ते विहिरीत, पाठीला डबा किंवा भोपळा बांधून. त्यातून येणारी पाण्याची ओळख मोलाची आहे, पण दोन सवयी मोडाव्या लागतात. पहिली दम धरण्याची. विहिरीत सूर मारणारा काठावरचीच हवा छातीत घेऊन जातो; स्कूबात श्वासाची हवा सभोवतालच्या दाबाने मिळते. १० मीटर खोलीवर हा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छाती भरून घेतली आणि दम धरून वर आले, तर आतली हवा दुप्पट होऊ पाहते व फुप्फुस फाटू शकते. बटण दाबताना श्वास रोखण्याची छायाचित्रकाराची सवय म्हणूनच घातक. दुसरी सवय हात मारण्याची. येथे हात कॅमेऱ्यावर असतात. पाय बेडकासारखे बाजूला मारायचे, म्हणजे तळाची वाळू उडत नाही. ना वर, ना खाली असे स्थिर राहता येईपर्यंत कॅमेरा हातात घेऊ नये. निदान वीसेक डाइव्ह तरी मोकळ्या हातांनी व्हाव्यात. हाताने प्रवाळाचा आधार घेणारा माणूस एका क्षणात अनेक वर्षांची वाढ मोडतो.

तलावातल्या सरावात खाली जाण्यासाठी कमरेला बांधलेले शिशाचे वजन समुद्रात पुरत नाही. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. साधनांसह ९० किलो भरणाऱ्याला कमरेच्या पट्ट्यात सव्वादोन किलोच्या आसपास शिसे वाढवावे लागते. कॅमेऱ्याची जलरोधक पेटी जड असेल तर तिच्या दांड्यांना तरंगते तुकडे लावतात. नाहीतर मनगट दुखते आणि चित्र हलते.

पाणी गळण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : पेटीच्या ओ-रिंगवर (झाकणाच्या खाचेत बसणाऱ्या, पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) अडकलेला केस, वाळूचा कण किंवा धागा. सोलापूरचा टेरी टॉवेल अंग आणि पेटीची बाहेरची बाजू पुसायला उत्तम, पण त्याचे तंतू सुटतात. ओ-रिंगजवळ तो आणूच नये. तेथे चष्मा पुसायचे बिनतंतूचे कापड वापरावे. रिंग बोटांनी काढावी, पिन किंवा सुरीने नाही. खाच स्वच्छ करून, रिंग चमकेल इतकेच सिलिकॉन ग्रीस लावावे. जास्त ग्रीस उलट कचरा धरते. नवी पेटी प्रथम कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू पेपर ठेवून, बादलीत आणि मग तलावात बुडवून पाहावी. पेटी वातानुकूलित खोलीतल्या कोरड्या हवेत बंद करून आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी. दमट हवेत बंद केली तर खाली गेल्यावर काचेवर आतून धुके धरते. डाइव्हनंतर पेटी न उघडता अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवावी व सर्व बटणे दाबून हलवावीत. घरी बोअरचे पाणी जड असेल तर शेवटचे धुणे फिल्टरच्या पाण्याने करावे, नाहीतर काचेवर क्षारांचे डाग बसतात.

पाणी आधी तांबडा रंग शोषते. ५ मीटरपर्यंत तो जवळजवळ संपतो, १० मीटरच्या आसपास नारिंगी, त्याखाली पिवळा फिका पडत जातो. अंतर केवळ खोलीचे मोजायचे नसते. विषयापासून कॅमेऱ्यापर्यंतचे पाणीही रंग खाते. म्हणून जवळ जाणे हाच या कलेचा पाया : विस्तृत दृश्यासाठी फिशआय (अतिरुंद कोनाचे) भिंग घेऊन एक मीटरच्या आत, बारीक जिवांसाठी ६० किंवा १०० मिमी मॅक्रो (जवळून मोठे टिपणारे) भिंग घेऊन वीतभर. रंग परत आणतात ते दोन फ्लॅश. ते भिंगाच्या किंचित मागे, दोन्ही बाजूंना दूर आणि थोडे बाहेर वळवून ठेवावेत. सरळ समोर रोखले तर पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि चित्रभर पांढरे ठिपके सांडतात. फ्लॅश नसेल तर पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा असा रंगांचा मेळ) साधावा, खोली बदलली की पुन्हा; छायाचित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपातच ठेवावीत. सुरुवातीसाठी विस्तृत दृश्याला एफ/८ (भिंगाचे छिद्र), १/१२५ सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २००. मॅक्रोला एफ/१६, १/२००, आयएसओ १००. कॅमेरा विषयाच्या थोडा खाली धरून वरच्या दिशेने घेतले की मागे निळे पाणी येते. वरून घेतलेला मासा दगडांत हरवतो.

मासे पाठलाग करून मिळत नाहीत. समुद्रफुलात (सी अ‍ॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात) राहणारा विदूषक मासा घर सोडून लांब जात नाही. तो पुन:पुन्हा त्याच जागी डोके काढतो, तेथे डोळ्यावर फोकस धरून थांबावे. कोळंबी किंवा लहान मासे मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपतात अशा सफाईच्या जागी मोठे मासे आपणहून स्थिर उभे राहतात. रात्री काही पोपट मासे अंगाभोवती श्लेष्म्याचा कोश करून झोपतात. त्यांच्यावर एकामागून एक फ्लॅश मारू नये. जीव हाताळणे, काडीने उचकणे, चित्रासाठी जागा बदलायला लावणे हे सर्व वर्ज्य. भित्ती बांधणारे प्रवाळ व समुद्रघोडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला तुकडाही सोलापूरला आणू नये.

चित्रात गुंतलेल्याला वेळ कळत नाही, त्यामुळे दर काही मिनिटांनी हवेचा मापक पाहावा. साधारण २०० बारने (बार हे दाबाचे एकक) सुरू केलेल्या सिलिंडरमध्ये ५० बार शिल्लक असतानाच पृष्ठभागावर यावे. चढण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नसावा, ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे. जोडीदार नजरेआड झाला की कॅमेरा खाली.

विमानात लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोके झाकून ठेवाव्या लागतात. पेटीची ओ-रिंग काढून ठेवावी, नाहीतर दाब बदलून झाकण घट्ट बसते. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्यापूर्वी निदान १८ तास जाऊ द्यावेत. रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, हे त्याचे कारण. मालवणहून गाडीने परतणारे हे विसरतात. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि ६०० मीटरच्या वर चढणाऱ्यालाही विमानाचाच नियम लावतात. सकाळी डाइव्ह करून दुपारी घाट चढू नये. शेवटचा दिवस किनाऱ्यावर साधने वाळवण्यात आणि चित्रे निवडण्यात घालवावा.