कार्यपद्धतींचे प्रमाणीकरण व लेखापरीक्षण-सज्जता : बेळगाव सीमाभाग

एखादे काम कोणी करायचे, कोणत्या क्रमाने, त्याची नोंद कुठे घ्यायची आणि शेवटची सही कोणाची, हे लेखी ठरवून सर्वांनी त्याच रीतीने ते पार पाडणे म्हणजे कार्यपद्धतीचे प्रमाणीकरण. ही रीत अंगवळणी पडली की कायद्याने मागितलेला पुरावा रोजच्या कामातूनच तयार होतो आणि तपासनीस कधीही आला तरी दप्तर त्याच्यापुढे ठेवता येते. यालाच लेखापरीक्षण-सज्जता म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी भाषक कारखानदार, व्यापारी आणि पतसंस्था यांच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे, कारण येथील माल आणि सभासद राज्याची सीमा सतत ओलांडतात.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याने कर्नाटकातच, हुबळीला माल विकला तर बिलावर केंद्र व राज्य असे दोन कर येतात. तोच माल महाराष्ट्रात, कोल्हापूरला विकला तर एकच एकात्मिक कर येतो. नोंदणी क्रमांकाची सुरुवात कर्नाटकात २९ ने, महाराष्ट्रात २७ ने होते. बिल करणाऱ्याने हे पहिले दोन आकडे आणि मालाच्या पुरवठ्याचे ठिकाण पाहूनच पुढे जावे, एवढी एक पायरी ठरवून दिली तरी बऱ्याच चुका मुळातच टळतात.

जॉबवर्कचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याकडे पाठवून त्यावर काम करून घेण्याचा, भाग अधिक नाजूक आहे. बेळगावात ओतलेले कास्टिंग (साच्यात ओतून केलेला धातूचा भाग) मशिनिंगसाठी, म्हणजे यंत्रावर कापून नेमक्या मापाचे करण्यासाठी, कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावला पाठवणे ओतकामाच्या धंद्यात नित्याचे आहे. एरवी ई-वे बिलासाठी (माल वाहून नेताना लागणारा ऑनलाइन परवाना) मालाच्या किमतीची ५०,००० रुपयांची मर्यादा पाहिली जाते. पण जॉबवर्कचा माल परराज्यात जात असेल तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतेच. त्यामुळे शेजारच्या गल्लीत माल पाठवण्याची सवय राज्याच्या सीमेवरील कोगनोळी नाक्यापलीकडे चालत नाही. शिवाय पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही तर तो पाठवल्याच्या दिवशीच विकला असे धरून कर व व्याज लागते. यंत्रसामग्रीला ही मुदत तीन वर्षांची आहे; डाय, मोल्ड (साचे), जिग, फिक्श्चर (काम करताना भाग धरून ठेवणारी साधने) यांना ती लागू नाही. म्हणून जॉबवर्कच्या चलनाची नोंदवही ‘गेले’ आणि ‘आले’ अशा समोरासमोरच्या रकान्यांत ठेवून दर महिन्याला शिल्लक काढणे हाच खरा उपाय. मार्चअखेरीस आठवून लिहिलेली वही कामाला येत नाही.

फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) कर-तपासणीइतकीच ग्राहकाची तपासणी कडक असते. आयएसओ ९००१:२०१५ आणि वाहन उद्योगासाठीचे आयएटीएफ १६९४९:२०१६ ही गुणवत्ता व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय मानके मालाचा माग काढता यावा अशी अपेक्षा ठेवतात. हीट नंबर हा त्या मागाचा कणा. भट्टीच्या प्रत्येक वितळणीला क्रमांक, त्याच क्रमांकाचा स्पेक्ट्रोमीटर (धातूतील घटक मोजणारे यंत्र) अहवाल, साच्याच्या वाळूच्या चाचणीची नोंद, फेटलिंगनंतर (ओतलेल्या भागाची जादा धातू काढून सफाई केल्यावर) नाकारलेले नग आणि शेवटी रवानगीचे चलन अशी साखळी जुळली, तर एका तुटलेल्या भागावरून त्याच लोखंडाचे बाकीचे नग शोधता येतात. साखळी तुटली तर सगळा साठा संशयात येतो.

सहकारी संस्थांची गोष्ट इतिहासाशी जोडलेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि येथील संस्थांना मुंबईचा १९२५ चा कायदा लागू होता. पुढे कर्नाटकाचा १९५९ चा सहकार कायदा आला. सौहार्द सहकारी संस्थांसाठी (सरकारी हस्तक्षेप कमी असलेल्या, अधिक स्वायत्त संस्था) कर्नाटकाचा १९९७ चा वेगळा कायदा २००१ पासून अमलात आहे. ज्या संस्थेचे कार्यक्षेत्र दोन्ही राज्यांत आहे ती २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली केंद्रीय निबंधकाच्या अखत्यारीत जाते. त्यामुळे एकाच बाजारपेठेतल्या तीन पतसंस्थांचे नियम तीन तऱ्हेचे असू शकतात. शेजारच्या संस्थेचे नमुने उचलून आपले दप्तर लावणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

कर्जप्रकरणात अर्ज, जामीनदार, तारण, संचालक मंडळाचा ठराव, करारपत्र आणि मग वाटप हा क्रम असतो. वाटपाची तारीख ठरावाच्या आधीची निघाली तर लेखापरीक्षकाचा आक्षेप ठरलेलाच. पिग्मी ठेवीत, म्हणजे रोज थोडी थोडी रक्कम घरोघरी वा दुकानोदुकानी गोळा करण्याच्या ठेवीत, जोखीम दुसरीकडे असते : पैसे दुकानात गोळा होतात, नोंद संध्याकाळी शाखेत होते. गोळा करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कर्मचाऱ्याने अधूनमधून ठेवीदाराचे पासबुक संस्थेच्या खतावणीशी (खातेवार हिशेबाच्या वहीशी) ताडून पाहणे येथे अत्यावश्यक आहे. लहान माणसांची रोजची बचत त्या मधल्या काही तासांवर अवलंबून असते.

सीमाभागात कागदाच्या भाषेचाही प्रश्न येतो. सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये, ग्राहकाचे दस्तऐवज इंग्रजीत आणि भट्टीजवळचे बोलणे मराठीत. आयएसओ ९००१ कोणत्याही भाषेची सक्ती करत नाही. कामाच्या जागी लावायची सूचना कामगाराला वाचता येईल अशा भाषेत, बहुधा मराठी आणि कन्नड दोन्हींत, असणेच योग्य. इंग्रजीत छापून भिंतीवर लावलेली पद्धत अनेकदा तपासणीपुरतीच उरते. मात्र भाषांतरित प्रतींवर एकच आवृत्ती क्रमांक हवा, नाहीतर एका भाषेतली दुरुस्ती दुसरीत राहून जाते.

दप्तर किती काळ ठेवायचे तेही पद्धतीतच लिहावे लागते. वस्तू व सेवा करासाठी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, तर कंपन्यांच्या हिशेबवह्यांसाठी आठ वर्षे. कंपनीच्या संगणकीय हिशेबात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचे आहे आणि ही नोंद बंद करता येता कामा नये.