खाजगी स्पोर्ट्स कार संघ

मोटार शर्यतीत कारखान्याचा पैसा आणि हुकूम यांवाचून उतरणारा छोटा संघ. मालक स्वतःच्या किंवा जमवलेल्या पैशाने गाडी विकत घेतो, आपल्याच गॅरेजात ती शर्यतीसाठी तयार करतो, चालक नेमतो आणि शर्यतीचा खर्च सोसतो. गाडी बनवणारी कंपनी स्वतः जो संघ उतरवते त्याला ‘वर्क्स’ संघ म्हणतात. वर्क्स संघाकडे यंदाची गाडी असते, खाजगी संघाकडे बहुधा गेल्या वर्षाची. गोव्यातल्या वाचकाला जत्रेतले हौशी नाटक आठवावे: पडदे आणि ड्रेपरी भाड्याची, पण तालीम, वर्गणी आणि फजिती सगळी गावाची.

स्पोर्ट्स कार म्हणजे चाके झाकलेली शर्यतीची गाडी. फॉर्म्युला गाड्यांची चाके उघडी असतात. या प्रकारात दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींना मान आहे आणि त्यांत सर्वांत जुनी व मानाची म्हणजे फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत. ती १९२३ मध्ये सुरू झाली. एकाच गाडीवर दोन किंवा तीन चालक पाळीपाळीने बसतात. छोट्या संघाला इथे संधी मिळते याचे कारण साधे आहे. वेग विकत घेता येतो, पण एक दिवस आणि एक रात्र गाडी न मोडता पळवणे मेकॅनिकच्या हातात असते. म्हणून अशा संघाचा इतिहास चालकांच्या नावांनी सांगितला जात असला तरी तो खरे म्हणजे गॅरेजचा इतिहास असतो.

एकुरी एकॉस

याचे सर्वांत बोलके उदाहरण स्कॉटलंडच्या एकुरी एकॉस या संघाचे. एडिंबरा शहरातील डेव्हिड मरी हा व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. स्वतः थोडीफार शर्यत केलेला, पण चालक म्हणून फार पुढे न गेलेला. विल्की विल्किन्सन हा अनुभवी मेकॅनिक त्याला भेटला आणि दोघांनी मर्चिस्टन म्यूज या बोळातल्या गॅरेजात संघ उभा केला. १९५२ च्या हंगामात संघ उतरला तो जॅग्वार एक्सके १२० या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्या घेऊन, आणि त्या गाड्याही चालकांच्या स्वतःच्या होत्या. रंग स्कॉटलंडच्या झेंड्याचा निळा. पुढे जॅग्वारच्याच खास शर्यतीसाठी बनवलेल्या सी-टाइप आल्या, मग डी-टाइप. पैसे कमी पडत तेव्हा संघाच्या चाहत्यांची संघटना निधी जमवत असे. वर्गणीवर चाललेला संघ जगातली सर्वांत कठीण शर्यत जिंकेल असे त्या काळी कोणी म्हटले असते तर लोक हसले असते.

१९५५ मध्ये ल मान्सला भीषण अपघात होऊन ८० हून अधिक माणसे मेली. त्यामुळे मार्गाची दुरुस्ती होऊन १९५६ ची शर्यत नेहमीच्या जूनऐवजी जुलैच्या अखेरीस झाली. जॅग्वार कंपनीचा वर्क्स संघ तयारीनिशी आला होता. दुसऱ्याच फेरीत त्याच्या दोन गाड्या अपघातात बाद झाल्या आणि तिसरीला इंधनाच्या नळीने दगा दिला. आघाडीच्या झुंजीत जॅग्वारची बाजू सांभाळायला उरली एडिंबरातून आलेली निळी डी-टाइप. तिच्यावर रॉन फ्लॉकहार्ट आणि निनियन सँडरसन होते. समोर ॲस्टन मार्टिनच्या वर्क्स गाडीत स्टर्लिंग मॉस आणि पीटर कॉलिन्स, म्हणजे त्या वेळचे दोन बडे चालक. निळी गाडी ३०० फेऱ्या पूर्ण करून एका फेरीने पुढे राहिली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जॅग्वारने शर्यतीतून अंग काढून घेतले. मोठ्या कंपनीने दुकान आवरले की खाजगी संघाचे दिवस येतात, हे या खेळात पुन्हा पुन्हा दिसते. कारखान्याच्या गाड्या एकुरी एकॉसकडे आल्या आणि १९५७ च्या ल मान्सला संघाने पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक घेतले. पहिल्या गाडीवर फ्लॉकहार्ट आणि आयव्हर ब्यूब, दुसरीवर सँडरसन आणि जॉन लॉरेन्स. विजेत्या गाडीने ३२७ फेऱ्या केल्या. त्या वर्षी पहिले चारही क्रमांक डी-टाइपचेच होते, पण वर्क्स संघाची त्यांत एकही नव्हती.

उतरणही याच कथेत आहे. १९५८ पासून इंजिनाला ३ लिटरची मर्यादा आली. जॅग्वारचे मोठे इंजिन छोटे करून बसवले ते टिकेना, आणि त्या वर्षी ल मान्सला संघाच्या दोन्ही गाड्या सुरुवातीलाच बंद पडल्या. नियम बदलला की कंपनी नवे इंजिन बनवते. खाजगी संघ जुन्याच इंजिनाला काटछाट करत बसतो. मरीने टोजेरो या छोट्या कारखान्याच्या गाड्यांवर नशीब आजमावून पाहिले, पण ते दिवस परतले नाहीत. तरुण जॅकी स्टुअर्ट याच संघातून काही काळ धावला आणि पुढे फॉर्म्युला वनचा तीन वेळचा विश्वविजेता झाला. मरी पुढे देश सोडून गेला आणि १९७३ मध्ये कॅनरी बेटांवर वारला. १९८० च्या दशकात ह्यू मकेग याने संघाचे नाव पुन्हा उभे केले आणि १९८६ मध्ये सी२ या दुय्यम गटात संघ जगज्जेता ठरला.

गंमत अशी की संघाच्या गाड्यांइतकीच त्या वाहून नेणारी गाडी प्रसिद्ध झाली. कॉमर कंपनीच्या सांगाड्यावर बांधलेला दुमजली ट्रान्सपोर्टर तीन गाड्या आणि एक कार्यशाळा घेऊन युरोपभर फिरे. कॉर्गी या खेळण्यांच्या कंपनीने त्याचे खेळणे काढले, आणि मूळ वाहन २०१३ च्या लिलावात सुमारे १८ लाख पौंडांना विकले गेले.

इतर संघ

अमेरिकेत स्थायिक झालेल्या लुइजी किनेट्टीच्या संघाने १९६५ मध्ये फेरारीच्या २५० एलएम गाडीवर ल मान्स जिंकली. वर्क्स फेरारी त्या वर्षी मागे पडल्या होत्या. त्यानंतर फेरारीला तिथे पुन्हा अव्वल यायला २०२३ उजाडले. कोलोनच्या क्रेमर बंधूंनी पोर्शे ९३५ मध्ये स्वतःच्या सुधारणा करून १९७९ ची शर्यत घेतली. १९८० मध्ये जाँ रोंदो या ल मान्सच्याच रहिवाशाने स्वतःचे नाव दिलेली, स्वतः बांधलेली गाडी स्वतः चालवून जिंकली. असा विजेता दुसरा नाही.

पण चिवटपणात पहिला नंबर जर्मनीच्या योस्ट संघाचा लावावा लागेल. त्यांची पोर्शे ९५६ ही एकच गाडी, तोच सांगाडा, १९८४ आणि १९८५ अशी दोन्ही वर्षे जिंकली. मग १९९६ आणि १९९७ मध्ये दुसऱ्या एका गाडीने तेच केले. ही उघड्या टपाची गाडी पोर्शेने अर्ध्यात सोडून दिलेल्या प्रकल्पातली होती आणि तिने पोर्शेच्याच वर्क्स गाड्यांना मागे टाकले. कंपनीने टाकलेल्या मालातून कंपनीलाच हरवणे, याहून खाजगी संघाला आणखी काय हवे!

पैसा

पूर्वी आयोजक नुसते शर्यतीत उतरण्यासाठीही मानधन देत. तेल आणि टायरच्या कंपन्या हातभार लावत. आता बराचसा भार चालकच उचलतो. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ (एफआयए) चालकांची प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशी प्रतवारी करतो. ब्राँझ म्हणजे बहुधा उद्योगधंदा सांभाळून शर्यत करणारा हौशी माणूस. जागतिक दीर्घ पल्ल्याच्या मालिकेतील एलएमजीटी३ या, रस्त्यावरच्या गाड्यांवर आधारलेल्या गाड्यांच्या गटात २०२४ पासून प्रत्येक गाडीत एक ब्राँझ चालक असावाच लागतो. हौशी श्रीमंताला नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्याच्या पैशावरच तो गट उभा आहे, आणि नियमानेच तशी सोय केली आहे.

भारत

भारतात अशा संघांची परंपरा क्षीण राहिली. परदेशी गाडीवरची जबर आयात-जकात हे एक कारण, ट्रॅकची वानवा हे दुसरे. मद्रासजवळ शोलावरमला जुन्या विमानाच्या धावपट्टीवर शर्यती होत. इरुंगट्टुकोट्टईचा पक्का ट्रॅक १९९० चा, कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे २००३ चा आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट २०११ चा. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून स्वस्त फॉर्म्युला मारुती बनवली. तिने भारतीय चालकांची एक पिढी घडवली, पण ती उघड्या चाकांची. स्पोर्ट्स कारच्या बाजूने २०२१ ची आशियाई ल मान्स मालिका महत्त्वाची. तीत नारायण कार्तिकेयन, अर्जुन मैनी आणि नवीन राव असे तिन्ही भारतीय चालक एलएमपी२ या, खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांच्या गटातल्या एकाच गाडीत होते. गाडीची निगा मात्र युरेशिया या परदेशी संघाकडे होती.

गोवा

पोर्तुगीज अमलाखालच्या प्रदेशांपैकी शर्यतीचे नाव मिळवले ते मकावने. १९५४ मध्ये तिथे शहराच्या रस्त्यांवर पहिली ग्रांप्री झाली आणि एदुआर्दो द कार्व्हाल्यो ट्रायम्फ टीआर२ या स्पोर्ट्स कारवर ती जिंकला. मकाव गोव्याच्या एखाद्या तालुक्याहूनही लहान. तरी सहा किलोमीटरांहून लांबीचा तो रस्ता आजही दरवर्षी शर्यतीसाठी बंद होतो. गोव्यात तशी परंपरा रुजली नाही. ३,७०२ चौरस किलोमीटरांच्या या राज्यात डांबरी शर्यतीचा कायमचा ट्रॅक नाही. सरावाला कोइंबतूर किंवा चेन्नई गाठायची तर गाडी ट्रकवर चढवून कर्नाटक ओलांडून तमिळनाडूत जावे लागते.

तरी गोव्याच्या नावाचा संघ आहे. २०२२ मध्ये इंडियन रेसिंग लीग सुरू झाली तेव्हाच्या सहा संघांत ‘गोवा एसेस’ होता. अभिनेता जॉन अब्राहम मालकीत आल्यावर २०२४ पासून तो ‘गोवा एसेस जेए रेसिंग’ झाला आणि त्या हंगामाचे सांघिक विजेतेपदही त्याने मिळवले. लीगची गाडी वुल्फ जीबी०८ थंडर ही इटालियन बनावटीची, ॲप्रिलियाच्या मोटरसायकलचे व्ही४ इंजिन बसवलेली आणि चाके झाकलेली, म्हणजे खरोखरच स्पोर्ट्स कार. संघात स्त्री-पुरुष दोन्ही चालक असतात. तरीही मरी किंवा योस्ट यांच्या पंगतीत या संघाला बसवता येत नाही. सर्व संघांना गाडी एकच, ती लीगने ठरवलेली; संघाला शहराचे नाव, मालकाचा चेहरा आणि चालक मिळतात. क्रिकेटच्या फ्रँचायझीची ही रीत आहे. यात स्पर्धा चुरशीची होते, पण गॅरेज घडत नाही.

लीगच्या काही शर्यती शहरातल्या रस्त्यांवर होतात. चेन्नईत ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आयलंड ग्राउंडभोवती ३.५ किलोमीटरांच्या मार्गावर रात्रीची शर्यत झाली. २०२५ मध्ये मुरगावच्या बोगदा भागात तशीच शर्यत घेण्याची योजना पुढे आली आणि रहिवाशांनी तिला विरोध केला. त्या विरोधाला नुसते हटवादीपणाचे लेबल लावणे बरोबर नाही. बंदराकडे जाणारी वाहने, अरुंद चढ-उतार आणि पर्यटकांचा हंगाम या सगळ्यांत रस्ता काही दिवस बंद ठेवायचा म्हणजे वास्कोकरांच्या रोजच्या जगण्याला हात घालणे. मकावने हे सत्तर वर्षांत अंगवळणी पाडून घेतले.

मालकाने स्वतः गाडी बांधावी आणि स्वतःच तिचा पाना हातात घ्यावा, ही जुनी रीत गोव्यात पाहायची तर पावसाळ्यात पाहावी लागते. रेनफॉरेस्ट चॅलेंज ही मूळची मलेशियातली चिखल-जंगलातली स्पर्धा. तिची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात भरत आली आहे. इथे वेगाला फारशी किंमत नाही. चालक आणि सहचालक अशी जोडी, उंच टायर लावलेली जिप्सी किंवा थार, पुढे-मागे विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) आणि नाल्यातून, उभ्या चढावरून आखलेले ‘स्पेशल स्टेज’ म्हणजे कसोटीचे टप्पे. ॲक्सल रात्री तुटला तर सकाळच्या स्टेजपूर्वी जोडीने आणि मदतनिसांनी तो बदलायचा असतो. विजेत्या जोडीला मलेशियातल्या मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळतो.