कोविड साथ आणि डेंटलच्या विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य

मार्च २०२० पासूनच्या कोविड साथीत बीडीएस (दातांच्या डॉक्टरची पदवी), एमडीएस (त्यापुढची पदव्युत्तर पदवी) आणि इंटर्नशिप करणाऱ्या मुलामुलींवर जो मानसिक ताण आला त्याबद्दलची ही नोंद, मुख्यतः महाराष्ट्रातली. आपल्याकडे बीडीएस म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, आणि अभिमत विद्यापीठांची सोडली तर कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली येतात.

संसर्गाची भीती तर होतीच. दातांचं काम म्हणजे पेशंटच्या उघड्या तोंडापासून वीत-दोन वीत अंतरावर. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ड्रिल, मिनिटाला ३-४ लाख फेरे घेतो, सोबत पाण्याचा फवारा, त्यातून लाळेचे बारीक कण हवेत उडतात (यालाच एरोसोल म्हणतात), दात साफ करायच्या स्केलरचंही तेच. म्हणून मे २०२० च्या केंद्राच्या गाईडलाइन्समध्ये रेड झोनमध्ये (जास्त संसर्गाच्या भागात) फक्त इमर्जन्सी कामं करा असं होतं.

पण या मुलांशी बोलाल तर कोरोनाच्या आधी कोट्याचं नाव निघतं. कोटा म्हणजे ठरावीक एक्स्ट्रॅक्शन (दात काढणं), फिलिंग, कवळ्या वगैरे पूर्ण करून जर्नलवर, म्हणजे कामाच्या नोंदवहीवर, सरांच्या सह्या घ्यायच्या. पेशंट एरवीही मिळत नाहीत, म्हणून मुलं मावशीला, मेसवाल्या काकूंना, वॉचमनला गोड बोलून चेअरवर बसवतात. लॉकडाऊनमध्ये ओपीडीच थंड पडली आणि जर्नलची पानं कोरीच. थिअरी झूमवर होते हो, पण दाढ हलवताना एलिव्हेटरवर (दात सैल करायच्या हत्यारावर) किती जोर द्यायचा हे हातालाच कळावं लागतं. आपण नुसते कागदावरचे डॉक्टर होणार, ही धास्ती त्यातून आली आणि माझ्या मते या सगळ्यातलं खास डेंटलचं दुखणं हेच. फर्स्ट इयरवाले तर दाढा कोरायच्या सरावाचे मेणाचे ब्लॉक हॉस्टेलवर अडकले म्हणून साबणावरच कोरत बसलेले, दाढ, कॅमेऱ्यासमोर धरली की फोकस मागच्या कॅलेंडरवर, सर म्हणणार जवळ आण, जवळ आणली की सगळं धूसर.

कॉलेज सुरू झाल्यावर पीपीई किट. आधीच माउथ मिररमध्ये उलटं बघून काम करायचं, त्यात शील्डवर वाफ आणि आत घामाच्या धारा. काही ठिकाणी इंटर्न्सना स्वॅबच्या ड्यूट्या लागल्या, मग घरी आजी-आजोबा असले तर वीकेंडलाही घरी जायची चोरी.

एमडीएसवाल्यांचं वेगळंच. नीट एमडीएस, म्हणजे त्यांची प्रवेश परीक्षा, झाली १६ डिसेंबर २०२० ला आणि काउन्सेलिंग (कॉलेजच्या जागा वाटायची प्रक्रिया) सुरू व्हायला ऑगस्ट २०२१ उजाडला, तेही प्रकरण सुप्रीम कोर्टात गेल्यावर. मधले आठ महिने ना जॉब ना कॉलेज, आणि शेजारच्या काकू विचारणार, मग सध्या काय करतेस?

या ताणाचं मोजमाप बहुतेक गूगल फॉर्मवरच झालं, तयार प्रश्नावल्या वापरून. त्यातल्या डास-२१ (DASS-21) मध्ये डिप्रेशन, अँग्झायटी आणि स्ट्रेसचे प्रत्येकी ७ प्रश्न असतात, गॅड-७ (GAD-7) फक्त अँग्झायटीसाठी. स्कोअर जास्त आला म्हणजे आजार ठरला असं नाही, ती नुसती चाळणी, शिवाय फॉर्म भरतो कोण तर ज्याला आधीच त्रास होतोय तो, म्हणून या सर्व्हेंमधले टक्के जरा बेतानेच घ्यावेत. आणि डेंटलच्या मुलांचा ताण काही कोविडने जन्माला घातलेला नाही, त्यासाठीची खास प्रश्नावली अमेरिकेत १९८० सालीच तयार झाली होती.

मदतीचं म्हणाल तर सरकारची मानसिक आरोग्याची किरण हेल्पलाइन सप्टेंबर २०२० मध्ये आली. तशीच दुसरी सरकारी हेल्पलाइन टेली मानस (१४४१६) आली १० ऑक्टोबर २०२२ ला, लाटा ओसरल्यावर. तिथे मराठीतही बोलता येतं.